पासोडी, स्टेन्सिल आणि एक राहून गेलेलं नाव



अंबाजोगाईला कुणी पाहुणा आला की आधी योगेश्वरीचं दर्शन घडवायचं, मग आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीकडे न्यायचं, असा आमच्या भागातला रिवाज आहे. पाहुणा कविता लिहिणारा किंवा चित्रं काढणारा निघाला, तर मी त्याला आणखी एक गोष्ट सांगतो. ती पासोडीची.

पासोडी म्हणजे जाडंभरडं, अंगावर घ्यायचं कापड. अंबाजोगाईला सोळाव्या शतकात दासोपंत नावाचे कवी होऊन गेले. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. गीतेवरचा त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा सांगितला जातो. त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका आजही गावात ऐकायला मिळते. या माणसाला एकदा कागद अपुरा वाटला असावा. त्यांनी सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद पासोडी घेतली आणि तिच्यावर ‘पंचीकरण’ लिहून काढलं. आकाश, वायू, तेज, आप आणि पृथ्वी ही पाच महाभूतं एकमेकांत मिसळून हे सगळं जग कसं तयार होतं, त्याचा तो विचार आहे. नुसत्या अक्षरांनी हे समजणार नाही म्हणून त्यांनी सोबत आकृत्या काढल्या. वंशजांनी ती पासोडी पिढ्यानपिढ्या जपली. म्हणून चारशे वर्षांनंतर आपण तिच्याबद्दल बोलू शकतो.

विद्वान मंडळी हसतील, पण मला ही पासोडी म्हणजे आपल्या भागातलं पहिलं सचित्र अनियतकालिक वाटते. मजकूर स्वतःचा, अक्षर स्वतःचं, चित्रं स्वतःची, मांडणी स्वतःची. निघाली ती एकच प्रत. विषयही असा की जो डोळ्यांना दिसत नाही, कल्पनेनंच गाठावा लागतो.

आज मला याच प्रकारच्या माणसाबद्दल बोलायचं आहे. कवी, संपादक आणि चित्रकार या तिन्ही भूमिका एकाच माणसाच्या वाट्याला येतात, तेव्हा त्याची कारकीर्द कशी घडते? त्यातून तो संपादक कुठल्या मोठ्या मासिकाचा नसेल, घरच्या पैशानं काढलेल्या चार पानांच्या अंकाचा असेल, तर त्याच्यामागे काय उरतं?

पाश्चात्त्य देशांत अशा अंकांना ‘झाइन’ म्हणतात. हा शब्द ‘फॅनझाइन’चा तुकडा. फॅन म्हणजे चाहता आणि मॅगझिन म्हणजे मासिक, या दोन्हींची ती जोडणी. अमेरिकेत १९३० साली शिकागोच्या विज्ञानकथाप्रेमींनी ‘द कॉमेट’ नावाचा अंक काढला, तो या जातीचा पहिला मानला जातो. छापखान्याची ऐपत नाही, मोठी मासिकं दारात उभी करत नाहीत, मग आपलं आपणच लिहायचं, छापायचं आणि टपालानं वाटायचं, हा त्यामागचा साधा हिशेब. पुढे १९७८ साली सुझेट हेडन एल्गिन या भाषाशास्त्रज्ञ लेखिकेनं विज्ञानकवितेची एक संघटनाच काढली. तिचं ‘स्टार लाइन’ हे मुखपत्र, आणि ती दरवर्षी देते तो ‘रिसलिंग’ पुरस्कार. रिसलिंग हा रॉबर्ट हाइनलाइन यांच्या कथेतला आंधळा कवी. अवकाशात फिरणाऱ्या त्या कवीला पृथ्वी दिसत नाही, तो ती गाण्यातून आठवतो.

आता आपल्याकडे या. मराठीत विज्ञानकथा रुजली. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ मासिकानं अद्‌भुताची गोडी लावली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांची ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावानं आली आणि पहिली ठरली, हा किस्सा प्रसिद्ध आहे. पण ही सगळी गद्याची गोष्ट झाली. ‘असं झालं तर?’ असा प्रश्न विचारणारी कविता मराठीत होती, मात्र तिला असं वेगळं घर नव्हतं. तिनं बिऱ्हाड केलं ते लघुअनियतकालिकांत. त्या बिऱ्हाडाचा एक मोठा कारभारी म्हणजे दिलीप पुरुषोत्तम चित्रे.

चित्र्यांचा जन्म १७ सप्टेंबर १९३८ रोजी बडोद्याचा. वडील पुरुषोत्तम चित्रे बडोद्याहून ‘अभिरुची’ मासिक चालवीत. मर्ढेकरांची उंदरांवरची ती गाजलेली कविता १९४६ साली याच ‘अभिरुची’त आली आणि मराठी काव्यरसिकांत खळबळ उडाली. म्हणजे ज्या वयात मुलं विटीदांडू खेळतात, त्या वयात या मुलाच्या घरात मुद्रितं आणि लेखकांची पत्रं पडलेली असत. एखादी कविता छापल्यावर लोक किती चिडू शकतात, हेही त्या घरानं पाहिलं. १९५१ साली कुटुंब मुंबईला आलं.

आणि १९५४ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, चित्र्यांनी अरुण कोलटकर, रमेश समर्थ अशा मित्रांच्या सोबतीनं ‘शब्द’ काढलं. कोलटकर विशीच्या पलीकडचे, कलाशाळेत शिकलेले. ‘शब्द’ सायक्लोस्टाईल केलेलं होतं. ते १९६० पर्यंत अधूनमधून निघत राहिलं. मराठीतल्या लघुअनियतकालिकांच्या चळवळीचा उगम बहुतेक अभ्यासक इथे दाखवतात.

आजच्या तरुण श्रोत्यांना सायक्लोस्टाईल म्हणजे काय ते सांगायला हवं. मेणाचा थर दिलेला पातळ कागद असे, तो स्टेन्सिल. टाइपरायटरची फीत बाजूला सारून त्यावर अक्षरं बडवायची. खिळ्याच्या घावानं मेण तिथे निघून जाई. मग तो कागद शाई भरलेल्या रुळावर चढवायचा आणि मूठ फिरवायची. जिथे मेण गेलं तिथून शाई झिरपे आणि खालच्या कागदावर अक्षर उमटे. चूक झाली तर नखाला लावतात तसला रंग लावून ते भोक बुजवायचं आणि वाळल्यावर पुन्हा टाइप करायचं. एका स्टेन्सिलवर काही शे प्रती निघत, नंतर तो फाटे. शाळेच्या प्रश्नपत्रिका, कचेरीची परिपत्रकं, संपाची पत्रकं सगळी अशीच निघत.

यात चित्राची अडचण मोठी. छापखान्यात ब्लॉक करता येतो. स्टेन्सिलवर बोथट टोकाच्या लेखणीनं थेट कोरावं लागतं. जोर जास्त झाला की कागद फाटला, कमी झाला की रेघ उमटलीच नाही. छटा देता येत नाही. जे काय सांगायचं ते रेषेत सांगायचं. म्हणून त्या अंकांतली चित्रं काटकुळी पण ठाम दिसतात. माझं असं मत आहे की त्या काळच्या नव्या कवितेची ओळही याच शिस्तीत वाढली. ज्याला स्वतःच्या हातानं ओळ कोरावी लागते, तो फालतू विशेषण टाकण्याआधी दोनदा विचार करतो.

‘शब्द’च्या मागोमाग पुढच्या दशकात रांग लागली. अशोक शहाणे यांनी ‘असो’ काढलं. राजा ढाले, सतीश काळसेकर, तुळसी परब, वसंत गुर्जर, चंद्रकांत खोत ही मंडळी ‘आत्ता’, ‘फक्त’, ‘येरू’, ‘अबकडई’ अशा अंकांभोवती दिसतात. राजा ढाले तर लेखक, संपादक आणि चित्रकारही. १९६९ साली ‘सत्यकथे’ची होळी झाली. ‘येरू’तल्या ढाल्यांच्या लेखानं सगळं वाङ्‌मयीन जग ढवळून निघालं. १९७२ साली हेच ढाले दलित पँथरच्या संस्थापकांत होते. मराठवाडाही मागे नव्हता. औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, भालचंद्र नेमाडे आणि मित्रांचं ‘वाचा’ निघालं, आणि गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ सुरू करून ते पन्नास वर्षांच्या आसपास चालवलं. चार पानं हातानं फिरवणारी माणसं समाजही हलवू शकतात, याचा हा पुरावा आहे.

पण संपादकाची कारकीर्द मोजायची कशी? नोकरीत बढती दिसते, शेतात पीक दिसतं. या कामात पगार नसतो. वर्गणी येते त्याहून जास्त टपालाला जाते. चित्र्यांचंच उदाहरण घ्या. १९६० साली त्यांचा ‘कविता’ हा पहिला संग्रह आला, त्याच वर्षी ते शिक्षक म्हणून इथिओपियाला गेले आणि १९६३ मध्ये परतले. ‘शब्द’ तिथे थांबलं. पोटासाठी परगावी जाणं काय असतं, हे बीड जिल्ह्याला वेगळं सांगायला नको.

‘शब्द’ थांबलं तरी संपादकाची सवय थांबली नाही. १९६७ साली चित्र्यांनी १९४५ ते १९६५ या वीस वर्षांतल्या मराठी कवितेचा इंग्रजी अनुवादित संग्रह संपादित केला. आपल्या सोबतच्या आणि आधीच्या कवींना त्यांनी जगाच्या दारात नेऊन उभं केलं. १९६८ साली ‘ऑर्फियस’ हा कथासंग्रह आला. ऑर्फियस हा ग्रीक पुराणातला गायक, मेलेल्या बायकोला परत आणायला पाताळात उतरणारा. पुढच्याच वर्षी, १९६९ साली, मुंबईत त्यांच्या तैलचित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं. १९७५ ते ७७ ते अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या लेखकांच्या कार्यक्रमात होते. १९८३ साली भाऊ पाध्ये यांच्या कथेवर त्यांनी ‘गोदाम’ हा हिंदी चित्रपट लिहिला आणि दिग्दर्शित केला. फ्रान्समधल्या नांत इथल्या महोत्सवात १९८४ साली त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे अशा माणसाला ‘याचं एकात चित्त नाही’ असं म्हणायची पद्धत आहे. माझ्या अब्बांनीही मला हेच ऐकवलं होतं. पण जरा नीट पाहिलं तर कळतं की ही सगळी एकच कला आहे, वेगवेगळ्या कापडावर लिहिलेली. संपादक काय करतो? विखुरलेल्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवतो, म्हणजे त्यांच्यात बोलणं सुरू होईल. चित्रकार रंगांचं तेच करतो. चित्रपटवाला प्रसंगांचं तेच करतो. भाषांतरकार दोन भाषांचं तेच करतो.

भाषांतराचं काम तर चित्र्यांनी आयुष्यभर केलं. तुकोबांचे अभंग त्यांनी इंग्रजीत नेले. १९९० साली ‘पुन्हा तुकाराम’ आणि १९९१ साली ‘सेज तुका’ ही पुस्तकं आली. १९९४ साली साहित्य अकादमीनं त्यांच्या ‘एकूण कविता’च्या पहिल्या खंडाला आणि ‘सेज तुका’ या अनुवादाला, असे दोन पुरस्कार एकाच वर्षी दिले. इंद्रायणीत वह्या बुडाल्या आणि लोकांच्या तोंडी अभंग उरले, असं परंपरा सांगते. स्वतःचा अंक हातानं काढणाऱ्या माणसाला तुकोबा जवळचे वाटावेत, यात मला नवल वाटत नाही.

या कारकिर्दीला दुःखाचीही एक बाजू आहे. भोपाळच्या भारत भवनात कामाला असताना, १९८४ च्या डिसेंबरात, चित्रे कुटुंब त्या विषारी वायूच्या रात्रीत सापडलं. त्यांचा मुलगा २००३ साली गेला. मुलगा गेल्यावरही हा माणूस लिहीत राहिला, आणि उतारवयात ‘न्यू क्वेस्ट’ या नियतकालिकाच्या संपादकाच्या खुर्चीत बसून इतरांचं लेखन वाचत राहिला. सोळाव्या वर्षी जे काम हाती घेतलं, तेच काम शेवटच्या वर्षांतही हातात होतं. १० डिसेंबर २००९ रोजी पुण्यात ते गेले.

‘शब्द’मधले त्यांचे जोडीदार अरुण कोलटकर यांची वाट शेजारून जाते. कोलटकर जाहिरात क्षेत्रात नावाजलेले कला-दिग्दर्शक होते. त्यांचं ‘जेजुरी’ १९७६ साली ज्या ‘क्लिअरिंग हाउस’तर्फे निघालं, ती कवींनीच मिळून उभारलेली सहकारी प्रकाशनसंस्था. साखर कारखान्याच्या मुलखातल्या माणसाला ‘सहकारी’ म्हटलं की लगेच समजतं. पुढच्या वर्षी त्या पुस्तकाला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. मराठी कवितांसाठी अशोक शहाणे यांचं ‘प्रास प्रकाशन’ उभं राहिलं. म्हणजे अंक काढणाऱ्या मित्रांनीच पुढे एकमेकांची पुस्तकं काढली.

‘असं झालं तर’ची कविता पाहायची असेल तर कोलटकरांकडे जावं. महाभारतातलं सर्पसत्र आपण लहानपणापासून ऐकतो. जनमेजयानं सगळे साप यज्ञात जाळायला घेतले. गोष्ट नेहमी राजाकडून सांगितली जाते. कोलटकरांनी ‘सर्पसत्र’मध्ये ती नागकुळातल्या बाईच्या तोंडी दिली. एवढा एक बदल केला आणि जुनी कथा आजच्या कत्तलींबद्दल बोलायला लागली. ‘भिजकी वही’त तर इजिप्तची इसिस, ट्रॉयची कॅसांड्रा, अलेक्झांड्रियाची हायपेशिया अशा देशोदेशींच्या आणि काळाकाळांच्या बायका येतात. त्या सगळ्यांचे अश्रू एका वहीत साठवलेले आहेत. कोलटकर २५ सप्टेंबर २००४ रोजी गेले आणि ‘भिजकी वही’ला २००५ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या माघारी मिळाला.

कल्पित कविता म्हणजे केवळ राक्षस, यान आणि दुसऱ्या ग्रहावरची माणसं नव्हेत, हे इथे समजतं. ज्याला बोलू दिलं गेलं नाही त्याला बोलतं करणं, जे घडलं नाही ते घडल्यासारखं मांडून जे घडतंय ते दाखवणं, हे तिचं काम आहे.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण त्याशिवाय मूळ मुद्दा पुरा होत नाही.

१९९१ साली, बी. ए.च्या वर्गात असताना, आम्ही चार मित्रांनी सायक्लोस्टाईलवर एक अनियतकालिक काढलं. त्याचं नाव सांगत नाही, कुणाच्या लक्षात असण्याची शक्यता नाही. सात अंक निघाले, प्रत्येकी दीडशे प्रती. एका शाळेतले शिपाईमामा शाळा सुटल्यावर आम्हाला यंत्र वापरू देत. कागद आणि शाई आमची, मूठ फिरवायचे कष्ट सगळ्यांचे. संपादक मी होतो. घरात दखनी, शेजारी मराठी, मशिदीत उर्दू आणि वर्गात पुन्हा मराठी, असा मी वाढलो. ‘आपल्या जबानीत लिही की,’ असं घरचे म्हणत. ‘तुम्ही मराठीत लिहिता?’ असं बाहेरचे विचारत. स्वतःचा अंक काढल्यावर हे दोन्ही प्रश्न माझ्यापुरते मिटले. तिथे विचारायला कुणी नव्हतं.

पहिल्या अंकात माझी एक लांबलचक कविता होती. दसऱ्यानंतर आमच्या गावातली ऊसतोडीची टोळी निघते. मुकादमाची उचल घेतलेली असते, गाडीत कोयते, भांडी, लेकरं असतात. कवितेत ही टोळी निघते आणि कारखाना येतच नाही. रस्ता वाढत जातो. बैल म्हातारे होतात. लेकरं गाडीतच मोठी होतात, त्यांची लग्नं गाडीतच लागतात, आणि गाव नावाची एक गोष्ट म्हाताऱ्या बायका रात्री सांगत बसतात. मला वाटलं होतं, मी कुणालाही न सुचलेलं काहीतरी लिहिलं. पुढे कित्येक वर्षांनी हॅरी मार्टिन्सन या स्वीडिश कवीच्या ‘अनियारा’बद्दल वाचलं. १९५६ सालचं ते दीर्घकाव्य. पृथ्वीवरून मंगळाकडे निघालेलं यान वाट चुकतं आणि माणसांना घेऊन अनंतात जात राहतं. मार्टिन्सनना १९७४ साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. मी हरखलो नाही, उलट गप्प झालो. त्याला त्यासाठी यान लागलं. आमच्याकडे बैलगाडीनंच भागलं, कारण परत न येण्याची भीती आमच्या गावात दर दसऱ्याला दारात उभी असते.

त्या कवितेसोबत मुखपृष्ठावर एक चित्र होतं. ते माझ्या मित्राचं. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, ट्रकच्या मागे मोर काढायचा, निवडणुकीत भिंती रंगवायचा. त्यानं स्टेन्सिलवर एका दमात बैलगाडी कोरली. गाडीची चाकं म्हणजे दोन कोयते, एकमेकांना टेकून गोल झालेले. खाली रस्ता नाही. पाहणारा कवितेआधी त्या चित्रापाशी थांबायचा. सातही अंकांची चित्रं त्याची. आणि श्रोतेहो, सातही अंकांत त्याचं नाव कुठेच नाही. संपादक म्हणून माझं नाव होतं, कवींची नावं होती, वर्गणीचा पत्ता होता. शिपाईमामांचेही आभार होते. चित्रकाराचं नाव टाकायचं राहून गेलं. मुद्दाम नाही, पण सात वेळा राहून गेलं, तर त्याला विसरणं म्हणता येत नाही. आम्हाला ते चित्र म्हणजे कवितेची सजावट वाटत होती. पाट्या रंगवणारा माणूस कलावंत असू शकतो, हे आम्हा शिकलेल्यांच्या डोक्यात आलंच नाही.

नंतर मी नोकरीला लागलो, अंक थांबला. उरलेल्या प्रती पत्र्याच्या पेटीत ठेवल्या होत्या. एका पावसाळ्यात उघडून पाहिलं तर वाळवीनं आतून पार माती केलेली. एका जुन्या वर्गणीदारानं जपलेला पहिला अंक तेवढा शिल्लक राहिला. त्याची फोटोप्रत मी करून घेतली. दोन वर्षांपूर्वी महाविद्यालयातली एक विद्यार्थिनी मराठवाड्यातल्या अनियतकालिकांवर लिहायला म्हणून माझ्याकडे आली. तिनं अंक चाळला, मुखपृष्ठावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘सर, हे चित्र कुणाचं?’ मी नाव सांगितलं. ती म्हणाली, ‘पण अंकात तर नाही. मी कशाच्या आधारानं लिहू?’

मला उत्तर देता आलं नाही. तिचं काही चुकत नव्हतं. छापलेलं नसेल ते अभ्यासकासाठी घडलेलंच नसतं.

लहान अंकांच्या बाबतीत असं फार होतं. त्यांच्या प्रती थोड्या, कागद हलका, पत्ता बदलणारा. ग्रंथालयं पुस्तकं ठेवतात, मोठी मासिकं बांधून ठेवतात, पण दोन टाचण्यांचा अंक कपाटात उभासुद्धा राहत नाही. म्हणून आज जे तरुण अंक काढतात, मग ते झेरॉक्सवर काढोत की मोबाइलवर, त्यांना माझं तीन गोष्टींचं सांगणं आहे. अंकावर तारीख, वर्ष आणि गाव घाला. जो हात लावील त्या प्रत्येकाचं नाव घाला. लिहिणाऱ्याचं, चित्र काढणाऱ्याचं, टाइप करणाऱ्याचं. आणि निदान तीन प्रती तीन वेगळ्या घरांत ठेवा, त्यातलं एक घर ग्रंथालय असू द्या. नुसती मोबाइलमधली फाइल ही जपणूक नव्हे. मोबाइल बदलला की तीही जाते, आणि वाळवीसारखी माहितीही देत नाही.

हे भाषण लिहायला घेतलं तेव्हा मी त्या मित्राला फोन लावला. आता तो पाट्या रंगवत नाही. फ्लेक्स आले आणि त्याचा धंदा बसला. मुलाच्या किराणा दुकानात बसतो. म्हटलं, रेडिओवर बोलणार आहे, तुझं नाव घेतो. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘आता राहू दे शायर. तेव्हा टाकलं असतं तर आईला दाखवलं असतं. तिला वाचता येत नव्हतं, पण माझ्या नावाची अक्षरं ती ओळखत होती.’

त्यानं नको म्हटल्यामुळे मी आजही त्याचं नाव घेत नाही. ही दुसऱ्यांदा झालेली चूक आहे की त्याचा मान राखणं आहे, मला ठरवता आलेलं नाही. पण एक केलं. त्या उरलेल्या अंकाच्या फोटोप्रती काढल्या, मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला शाईनं ‘मुखपृष्ठ आणि आतली चित्रं’ असं लिहून त्यापुढे त्याचं पूर्ण नाव घातलं, खाली तारीख आणि सही केली. एक प्रत त्या विद्यार्थिनीला दिली, एक ग्रंथालयात दिली, एक त्याच्या दुकानावर नेऊन दिली. त्यानं ती उलटसुलट पाहिली, गिऱ्हाईक होतं म्हणून गल्ल्याखाली ठेवली, आणि मला चहा सांगितला.

दासोपंतांच्या पासोडीचं भाग्य एवढंच की तिला जपणारं घर मिळालं. कापड तर साधंच होतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)